बेहाल्यातल्या डॉक्टरबाई

नोकरीमुळे आम्ही तेव्हा कोलकात्यात बेहाल्याला राहत होतो, डायमंड हार्बर रोडच्या आतल्या गल्लीत. साताऱ्याहून बाबा आले ते वाढलेला प्रोस्टेट घेऊनच. रात्री सारखं उठणं, बारीक धार, जाऊन आल्यावरही मोकळं न वाटणं. लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे पाहायला डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली.

सेंटरवर तोबा गर्दी. पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पिऊन बाबा ताटकळले, मग घाईघाईने जाऊन आले. उरलेली लघवी निघाली 204 मिली. ‘नळी घालून खात्री करून घ्या,’ असं शेजारच्या बाकावरून कुणीतरी सुचवलं आणि बाबांचा चेहरा उतरला. गावी एकदा कॅथेटरनंतर जंतुसंसर्ग होऊन ते हुडहुडी भरून तापले होते.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र रिपोर्टवर सहीच केली नाही. बाहेर रांग खोळंबलेली असताना म्हणाल्या, “मेशोमोशाय, आराम से बैठिए.” मूत्राशय असं प्रमाणाबाहेर ताणलं की एका दमात रिकामं होत नाही, हे त्यांनी मला समजावलं. बाबांना पुन्हा जायला लावलं, दार लोटून घेतलं, घाई करू दिली नाही. आल्याबरोबर गार जेल लावून प्रोब फिरवला. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी पाच सेंटिमीटर; गुणाकाराला 0.52 ने गुणलं की 65 मिली. बाबांचं औषध या आकड्यावर ठरलं आणि नळीचा विषयच निघाला नाही.

नळीचं माप अधिक नेमकं, कारण तिथे लघवी बाहेर काढूनच मोजतात. सोनोग्राफीचा हिशोब अंदाजाचा, थोडा इकडेतिकडे होणारच. पण नुसतं मोजायला मूत्रमार्गात नळी कशाला घालायची? लघवी पुरती तुंबली तर गोष्ट वेगळी. तिथे नळीच माणसाला सोडवते.

त्या बाईंनी जास्तीचा एक पैसा घेतला नाही. आभार मानायचे तर तोवर पुढचा पेशंट आत गेला होता. बाबा शेवटपर्यंत त्यांना ‘बेहाल्याची लेक’ म्हणत.

तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांची ही तपासणी असेल तर लघवी तुंबवून त्यांना ताटकळत ठेवू नका. जाऊन आल्यावर लगेच मोजायला सांगा, आणि आकडा मोठा आला तर आधी पुन्हा एकदा मोजून घ्या.