देणें, विष आणि लग्न

हायडेलबर्ग येथें नेकार नदीच्या कांठीं आम्ही उभयतां चार दिवस राहिलों होतों. विद्यापीठ १३८६ सालचें, किल्ला अर्धा पडका, आणि त्या किल्ल्यांतच जर्मन औषधशाळांचें संग्रहालय. तें पाहून थकून परत आलों, तों उतरलेल्या घराच्या जिन्याखालीं सौ.ची दृष्टि एका पत्र्याच्या डब्यावर गेली. वर कवटीचें चित्र व खालीं ठळक अक्षरांत 'गिफ्ट'. "हा कसला मेला आहेर!" असें म्हणून ती डबा उचलणार, इतक्यांत घरधनीण म्हातारी लगबगीनें आली व तिनें तो काढून घेतला. आंत उंदीर मारण्याचें औषध होतें. जर्मन भाषेंत 'गिफ्ट' म्हणजे विष!

आपल्याकडे हल्लीं बारशाला, मुंजीला, वाढदिवसाला मुलें जो शब्द निःशंकपणें तोंडांत घोळवतात, तोच हा. कोणास वाटेल, दोन निराळे शब्द योगायोगानें सारखे झाले असतील. तसें नाहीं. इंग्रजी 'गिव्ह' आणि जर्मन 'गेबेन' हीं एकाच घरचीं क्रियापदें. त्यांच्याच कुळांतला हा शब्द, आणि मूळ अर्थ एवढाच कीं, 'जें दिलें जातें तें'. मग त्यांत विष कालवलें कोणीं? कोशकार बोट दाखवितात तें वैद्यकाकडे. ग्रीक वैद्यकांत 'दोसिस' म्हणजे 'देणें', व त्यावरून एका वेळीं द्यावयाची औषधाची मात्रा. त्याचें जर्मन रूपांतर 'गिफ्ट' झालें, घातक मात्रेलाही तेंच सौम्य नांव मिळालें, आणि हळूहळू घातक तेवढें उरलें. आपण बांगडी 'फुटली' न म्हणतां 'वाढवली' म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार. फ्रेंचांचें 'प्वाझों'ही मूळचें लॅटिन 'पोतिओ', म्हणजे नुसतें पेय. गंमत अशी कीं, 'दोसिस' आणि आपलें 'दान' यांचा धातु मुळांत एकच. तेव्हां ज्याला आपण 'डोस' म्हणतों, तो दानाचा दूरचा चुलतभाऊच ठरतो.

हॉलंडांत या शब्दाचा शेवटचा 'ट' राहिला तर देणगी होते, गळाला तर विष.

पण जुना अर्थ जर्मनींतून अगदींच नाहींसा झाला असें नव्हे. 'मिट्' म्हणजे सोबत. 'मिट्गिफ्ट' म्हणजे मुलीसोबत दिलेलें धन, अर्थात् हुंडा. विषवाचक 'गिफ्ट' आज नपुंसकलिंगी आहे, हुंडावाचक मात्र पूर्वींप्रमाणें स्त्रीलिंगीच राहिला. व्याकरणानें दोघांची चूल वेगळी केली खरी, परंतु तो शब्द कळल्यावर त्या रात्रीं मला झोंप लागेना. माझ्या आजीच्या लग्नांत पणजोबांनीं नदीकांठचें शेत गहाण टाकलें. तें पुन्हां सुटलें नाहीं. आजी सासरीं सुखांत होती, तरी त्या वाटेनें जातांना ती मान फिरवून घेई. आमच्या देशांत १९६१ सालीं हुंडाबंदीचा कायदा झाला, आणि अजूनहि कित्येक घरीं तें देणें 'हौस' या नांवाखालीं चालतें. येथेंहि बांगडी 'वाढवली'च म्हणावयाची!

या शब्दाचें कोडें मार्सेल मोस या फ्रेंच पंडितासहि पडलें होतें. त्यानें १९२४ सालीं त्यावर एक छोटा निबंध लिहिला, आणि पुढें दानाविषयींच्या प्रसिद्ध ग्रंथांत आपल्या धर्मशास्त्राचाहि विचार केला. दान घेणाऱ्यासहि तें बाधूं शकतें, ही आपली समजूत त्यास विशेष वाटली. आमच्या आजोबांस हें निबंध वाचून शिकावें लागलें नाहीं. भिक्षुकी करीत असतांहि लोखंड व काळे तीळ यांचें दान ते घेत नसत. कोणी फार आग्रह केला तर, "पचणार नाहीं हो," एवढेंच म्हणत. तो शब्द विषालाच शोभणारा, हें माझ्या ध्यानांत आलें तें हायडेलबर्गमध्यें.

तेथून आम्ही उत्तरेस कोपनहेगनला गेलों. डॅनिश भाषेंत हाच शब्द आणखी एक सोंग घेऊन उभा असतो. तेथें 'गिफ्ट' म्हणजे विवाहित, आणि विषहि, स्वीडनमध्येंहि तसेंच. मुलगी 'देणें' यावरून लग्नाचा अर्थ आला; विषाचा अर्थ जर्मनांकडून मागाहून आला. ज्यांच्या लग्नविधींत कन्यादान आहे, त्यांस यांतला पहिला अर्थ समजावून सांगावयास नकोच. प्राचीन इंग्रजींतहि हा शब्द वधूमूल्याचा होता, व अनेकवचनीं त्याचा अर्थ विवाह असा होई.

एका कचेरींत मला एक पत्रक भरावयाचें होतें. त्यांत दोन चौकटी : 'उगिफ्ट', म्हणजे अविवाहित, आणि 'गिफ्ट'. जिन्याखालचा तो डबा डोळ्यांपुढें येऊन माझी लेखणी क्षणभर थबकली. सौ. खांद्यावरून पाहत होती.

"अहो, करा कीं खूण," ती म्हणाली, "बत्तीस वर्षें झालीं, आतां विचार कसला करतां?"