नाना पेठेतली एक दुपार

मैत्रिणींनो, पुण्याला गेलं की आपली पावलं कुठं वळतात? लक्ष्मी रोडला! साड्यांची दुकानं पालथी घालायची, सोन्या मारुती चौकात सराफाकडं काही काम असेल तर उरकायचं, आणि परत फिरायचं. मीही इतकी वर्षं तेच करत आले. या जानेवारीत मात्र त्याच रस्त्यानं आणखी पुढं गेले. पिशवीत होती मोटरसायकलची एक वाकलेली दांडी, दुसरी एक ढिली दांडी, आणि हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत दोन बोल्ट!

हसू नका हं. आधी सगळं ऐकून घ्या.

आमच्याकडे १९९३ साली घेतलेली आरएक्स १०० यामाहा आहे. ह्यांनी पहिल्या पगारवाढीवर घेतली होती. ही गाडी आपल्याकडं १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण आमच्या दारातली काही थांबली नाही. हे ती चालवायचे, आता लेक चालवते. ती साताऱ्यापासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. ड्यूटीच्या वेळा अशा, की एसटीच्या भरवशावर राहिलं तर नोकरी गेलीच म्हणायची.

पावसाळ्यात दारातल्या गाडीला एका म्हशीनं धक्का दिला आणि गाडी उजव्या अंगावर पडली. उजव्या मुठीपुढची दांडी, म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक लिव्हर, वाकला. गॅरेजवाल्यानं हातोडीनं ठोकून बघितला, मग स्वतःच म्हणाला, "हा नको, दुसरा टाकतो." आणि डब्यातून निघेल तो बसवून दिला. आपण भाजीवाल्याकडं एकेक वांगं दाबून बघतो, पण गाडीचं सामान म्हटलं की मान डोलावतो आणि पैसे देतो. मीही तसेच दिले.

मग सुरू झाला गळीत हंगाम. एका संध्याकाळी लेक घरी आली ती चपला न काढता ओट्यापाशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली, तिनं ब्रेक दाबला, तर दांडी सरळ मुठीला टेकली आणि गाडी पुढं चाललेलीच! मागचा ब्रेक दाबत तिनं गाडी शेताच्या कडेला उतरवली म्हणून निभावलं. कुठं खरचटलंही नव्हतं. पण त्या रात्री हे जेवताना म्हणाले, "विकून टाकू गाडी." लेक काही बोलली नाही. ताटात बघत राहिली.

मला रात्रभर झोप नाही. गाडी गेली की लेकीची नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगू? गाडीचा दोष किती आणि त्या दांडीचा किती, हे कुणी तपासलंच नव्हतं. भाचा म्हणाला, "मावशी, मोबाईलवरून मागव." पण मोबाईलवरच्या चित्रात भोक किती मोठं ते कसं कळणार? कुकरची रिंग आणायला जाताना आपण जुनी रिंग बरोबर नेतो की नाही? झालं तर मग! मी दोन्ही दांड्या आणि बोल्ट काढून घेतले आणि सकाळची एसटी धरली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा जाण्यायेण्याच्या खर्चाचंही काही वाटलं नाही. खंबाटकी ओलांडून अकराच्या आत स्वारगेटला पोचले.

रिक्षानं सोन्या मारुती चौकापर्यंत गेले आणि पुढं पायीच निघाले. सराफी दुकानं मागं पडतात, डुल्या मारुती येतो आणि पुढं नाना पेठ सुरू होते. नाना फडणविसांच्या नावाची ही पेठ. तुमच्यापैकी कितीतरी जणी इथं येऊनही गेल्या असतील, पण पालखीच्या दर्शनाला! तुकोबारायांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम इथल्याच निवडुंग्या विठोबाच्या देवळात असतो. वारीच्या दिवसांत जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथंच एरवी दुचाकीच्या सुट्या भागांची ओळीनं दुकानं. दाराला केबलींचे जुडगे टांगलेले, जशा शेवयाच वाळत घातल्यात. हॉर्न, आरसे, सीटची कव्हरं, साखळ्या. ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास. चहावाला पोऱ्या सगळ्यांतून वाट काढत पळतोय. आणि गिऱ्हाइकांत बाई म्हणाल तर मी एकटी!

पहिल्या दुकानातला मुलगा माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मावशी, काकांना फोन लावून द्या ना, त्यांच्याशी बोलतो." मी म्हटलं, "काका ऑफिसात आहेत. दांडी माझ्या हातात आहे, माझ्याशी बोल." त्यानं एक जोडी काउंटरवर टाकली. "हीच लागते सगळ्यांना." मी डबीतला बोल्ट काढून भोकात घातला, तर आत डुगडुगला. मी जोडी परत ठेवली आणि पायऱ्या उतरले.

तिसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी मला स्टूल दिलं, दोन्ही दांड्या चष्म्याजवळ नेऊन बघितल्या आणि विचारलं, "ताई, पडलं का कुणी?" मी ट्रॉलीची हकिगत सांगितली. त्यांनी गॅरेजवाल्यानं बसवलेली दांडी जुनीवर ठेवून उजेडाकडं धरली. बोल्टाच्या भोकापासून केबलचं टोक अडकतं त्या खाचेपर्यंतचं अंतर दोन्हींत वेगळं! नवीत ते कमी होतं.

"एवढ्याशानं काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं, आणि मला एकदम आपला अडकित्ता आठवला. सुपारी बिजागरीजवळ धरली की जोर कमी लागतो, पण तिथं पातं हलतंही थोडंच. लिव्हरचंही तसंच. खाच बोल्टाच्या जवळ आली की दांडी हाताला हलकी लागते, बरी वाटते, पण केबल ओढली जाते थोडी. दांडी मुठीला टेकते आणि ब्रेक पुरता लागतच नाही. त्यात भोक ढिलं, म्हणजे आधीचा थोडा दाब तो ढिलेपणा घालवण्यातच गेला. माझ्या लेकीनं दाबलं बरोबर होतं हो. दांडीच चुकीची होती. तिथं स्टुलावर बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

"मग ही जुनीच सरळ करून चालेल का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. अल्युमिनिअमच्या मिश्रधातूची ओतलेली दांडी एकदा वाकली आणि ठोकून सरळ केली, की आत बारीक चीर जाऊ शकते. वरून दिसत नाही. आणि नेमका जोरात ब्रेक दाबताना तुकडा हातात येतो.

मग त्यांनी तीन जोड्या मांडल्या. एक अगदी स्वस्त, दीडशेच्या आत. दुसरी नावाजलेल्या सुट्या भाग बनवणाऱ्यांची, छापील खोक्यातली, तिच्या दुप्पट किमतीची. तिसरी लालभडक, झगमगीत, सगळ्यांत महाग. "ही पोरं हौसेनं घेतात. तुमच्या गाडीला नीट बसेलच असं नाही," ते स्वतःच म्हणाले. स्वस्तातल्या दांडीच्या कडा इडलीपात्राच्या कच्च्या कडेसारख्या बोटाला लागत होत्या आणि टोकाचा गोळा नावालाच होता. हा गोळा शोभेचा नाही बरं का! गाडी पडली तर दांडीचं टोक हातात किंवा पोटात घुसू नये म्हणून तो असतो. आपल्या विणायच्या सुईला मागं बोंड असतं ना, तसाच.

मी मधली जोडी घेतली. डाव्या बाजूचा क्लच लिव्हरही त्यात आला; गिअर बदलताना दाबतात तो. त्याचंही भोक इतक्या वर्षांत झिजून लांबट झालं होतंच. त्यांच्या सांगण्यावरून दोन केबलीही घेतल्या, कारण केबलच्या टोकाशी तारा एकेक करून उसवत जातात आणि एक दिवस सगळी तुटते. बिल मागितलं, तेही त्यांनी आनंदानं दिलं.

तुमच्या घरात कुणाचीही दुचाकी असेल, तर एवढं वहीत टिपून ठेवा:

दुकानात जाताना जुना भाग आणि त्याचा बोल्ट बरोबर न्या. गाडीचं नाव आणि साल कागदावर लिहून न्या. नवी दांडी जुनीवर ठेवून भोक आणि खाच जुळते का बघा. बोल्ट घालून हलवून बघा. डुगडुगला तर परत द्या. टोकाचा गोळा चांगला मोठा हवा. बसवल्यावर दाबून सोडली की दांडी आपोआप मागं आली पाहिजे. केबलवरच्या ब्रेकला आणि क्लचला टोकाशी करंगळीच्या जाडीएवढी ढील असावी. अजिबात नसली तर ब्रेक घासत राहतो, क्लच घसरतो. आणि पूर्ण दाबल्यावर ब्रेकची दांडी मुठीला कधीच टेकता कामा नये. हे तर रोज सकाळी गाडी काढण्यापूर्वी, उभ्या उभ्या बघता येतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडून, त्याच्यापाशी उभी राहून, मी सगळं बसवून घेतलं. केबलीला तेल, बोल्टाला ग्रीस. लेकीनं आधी शाळेच्या रिकाम्या मैदानात हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहिला. हे फाटकाशी उभे होते, हातातलं वर्तमानपत्र उलटं! ती परत आली आणि म्हणाली, "आई, आता लागतोय."

गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सोमवारी लेक नेहमीसारखी ड्यूटीवर गेली. संध्याकाळी तिची गाडी वाजेपर्यंत मी काही स्वस्थ बसले नाही, हे कबूल करते. पण आल्यावर तिनं चपला दाराशी काढल्या आणि पहिल्यांदा चहा मागितला.

ती जुनी वाकलेली दांडी मी फेकलेली नाही. स्वयंपाकघरातल्या खणात, कुकरच्या जुन्या रिंगेशेजारी ठेवली आहे. पुढच्या वेळी मापाला लागेल.