मोजणीचा पैसा कोणाचा?

आमच्या पाणी वापर संस्थेला हंगामाचा पाण्याचा कोटा घनमीटरमध्ये मंजूर झाला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 असं ज्या कायद्याखाली तो मिळाला त्याचं लांबलचक नाव. चारीवरच्या शेतकऱ्यांनी संस्था करायची, सरकारने तिला पाणी मोजून द्यायचं आणि पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर न लावता मोजलेल्या पाण्यावर लावायची. ऐकायला सरळ. मी सचिव झालो आणि पहिल्याच रब्बीत कळलं, की मोजायला आमच्याकडे काहीच नाही. चारीच्या मुखाशी जुना फ्लूम होता, पण गाळाने बुजलेला, गेजपट्टी गायब. पाटकरी दाराचे आटे मोजायचा आणि अंदाजाने आकडा सांगायचा. वहीत तोच चढायचा.

एक क्युसेक पाणी चोवीस तास चाललं, की सुमारे 2,447 घनमीटर होतं. अंदाज अर्ध्या क्युसेकने चुकला, तर एका दिवसात बाराशे घनमीटरचा घोळ, आणि पाळी काही एका दिवसाची नसते.

यावर कायद्यातच उपाय आहे. चारी ताब्यात देण्याआधी पाटबंधारे खातं आणि संस्था यांनी मिळून तिची पाहणी करायची, नादुरुस्ती लिहायची, मोजणीची साधनं बसवायची. आम्ही अर्ज केला. उत्तर ठरलेलं, अनुदान आलं की करू.

तेव्हा मुखाकडचे ऊसवाले पुढे आले. "आम्ही वर्गणी काढतो, खासगी सर्व्हेअर आणतो. सरकारची वाट बघत बसलो तर म्हातारे होऊ." मला ते पटलं होतं. पण संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांचे लोक असतात. शेपटाकडच्या एक मावशी बैठकीत उठल्या. "भाऊ, ज्याचा पैसा त्याचा टेप. त्यांच्या सर्व्हेअरनं काढलेल्या आकड्यावर आमच्याकडचं कुणी सही करणार नाही." मुखाकडचे चिडले, पण बाईंचं खोडून काढणं कोणालाच जमलं नाही.

जमिनीची मोजणी आपण फी भरून करून घेतोच की, मग पाण्याची का नाही, असं मला पुष्कळजण विचारतात. जमिनीचा दगड एकदा रोवला की राहतो. चारीतलं पाणी दर पाळीला नव्याने मोजावं लागतं, आणि वरच्याच्या आकड्यात वाढ झाली की खालच्याच्या आकड्यात घट होते. अशी मोजणी वाटेकऱ्यांपैकी एकाच्या खिशातून झाली, तर ती पुरावा म्हणून उभी राहत नाही. खातं तरी कुठे तटस्थ असतं? पाणी विकणारं तेच. म्हणून खर्च सरकारी तिजोरीतून आणि सह्या दोन्हीकडच्या, एवढंच मला मान्य आहे.

शेवटी चारी दुरुस्तीच्या सरकारी कामात आमचा नंबर लागला. सगळे मोगे बंद करून मुखाशी आणि शेपटाशी एकाच वेळी करंट मीटर लावले. शेपटापर्यंत निम्मंही पाणी पोचलं नाही. मोगे तर बंद होते, म्हणजे वर्षानुवर्षं ज्या चोरीवरून भांडणं झाली, तिचा यातला वाटा लोक समजत होते त्याहून बराच कमी होता. मधला मुरमाड पट्टा पाणी पीत होता. बांधाखाली पुरलेले बिनपरवाना पाइपही सापडले, पण त्यातले काही शेपटाकडच्यांच्या पाहुण्यांच्या शेतात निघाले. त्या दिवशी कोणीच फार बोललं नाही!

खरा गोंधळ पुढे झाला. त्याच पाहणीत लाभक्षेत्राच्या यादीतले काही तुकडे चारीच्या तळापेक्षा उंच निघाले, तिथे पाणी कधी चढलंच नव्हतं. काहींवर बंगले उभे होते. यादी दुरुस्त केली की क्षेत्र घटणार, आणि क्षेत्रावर कोटा, म्हणजे कोटाही घटणार. झाकून ठेवा, म्हणणारे सगळ्या भागांत होते. दुरुस्त यादीच पाठवायची असं बहुमताने ठरलं. कोटा कमी झाला. मुरमाड पट्ट्याला अस्तर मिळालं, आणि पाळी शेपटाकडून सुरू करायचं ठरलं. वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, पाणी वापर संस्थांचं काम शेपटाकडच्या शेतकऱ्यांपासूनच उभं केलं होतं. आम्हाला उशिरा सुचलं.

आता नवा फ्लूम आहे. पण त्याच्या खालच्या अंगाला गाळ साचला, की पाणी मागे तुंबतं आणि गेजपट्टी प्रत्यक्षापेक्षा जास्त विसर्ग दाखवते. न मिळालेल्या पाण्याची पट्टी संस्थेला भरावी लागते. फ्लूम बांधायला सरकारने पैसे दिले, तो दरवर्षी तपासायला आमच्या चारीला अजून एक रुपयाही आलेला नाही. या तपासणीसाठी वेगळी तरतूद हवी, ही मागणी प्रत्येक संस्थेने ठराव करून वर पाठवावी. आणि तोवर पाळी सुटायच्या आदल्या दिवशी फ्लूमखालचा गाळ काढा, पाटकऱ्याच्या आकड्याशेजारी संस्थेचीही सही रोज घ्या.