किंमत आणि मोल

आमच्या घरात धातूची किंमत वजनावर ठरते. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावोगाव फिरून मोड विकत घेतात. फुटकी घागर, गळका बंब, चेपलेली परात, जे येईल ते काट्यावर चढते आणि तांब्याला तांब्याचा, पितळेला पितळेचा भाव लागतो. त्या ढिगात कधी घागरीच्या बुडाशी, कधी चिंधीत गुंडाळलेली जुनी नाणी सापडतात. बाजारात न चालणारे तांब्याचे नाणे म्हणजे नुसते तांबे, असे दुसरा कोणी म्हणेल. अण्णा मात्र ती वेगळी काढतात. "लक्षुमी हाय ती, मोडीत घालायची न्हाई," एवढेच त्यांचे म्हणणे. माझा नाण्यांचा छंद असा सुरू झाला. त्यासाठी दमडीही मोजावी लागली नाही.

दमडी हा शब्द मी सहज लिहून गेले. पण माझ्या पिढीतल्या किती जणांनी दमडी पाहिली आहे? तरीही आपण पै न् पै वाचवतो, कोणाचे म्हणणे सोळा आणे पटले असे सांगतो, खोट्या नाण्यासारख्या माणसापासून दूर राहतो. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै, हा हिशेब माझ्या आजीला निरक्षर असूनही तोंडपाठ होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर भाग झाले आणि 'नवा पैसा' आला. १९६४ मध्ये त्यातला 'नवा' गळून पडला. ३० जून २०११ नंतर चार आण्याचे नाणेही चलनातून गेले. नाणी जातात, शब्द मात्र मागे राहतात.

पहिल्या वर्षी इतिहासाच्या सरांना मी माझी नाणी दाखवली, तेव्हा त्यांनी मला गावातल्या संग्राहकांच्या बैठकीचा पत्ता दिला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसे जमतात. निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर, एक सोनार, दोन-तीन शाळकरी मुले आणि मी. तिथे मला नाण्याकडे पाहायची दुसरी रीत कळली. वर्षाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. एकाच वर्षाची दोन नाणी या एवढ्याशा खुणेमुळे वेगळ्या किमतीची होतात. जुने नाणे चिंच लावून घासू नये. चकाकी येते, पण अक्षरांची धार जाते आणि किंमतही. नाणे बोटांच्या चिमटीत कडेवर धरावे, तोंडावर बोट टेकवू नये. हे सारे मी मन लावून शिकले. परंतु एक गोष्ट मनात खुपत असे. प्रत्येक नाणे हातात घेतले की कोणीतरी हळूच विचारी, "केवढ्याला पडले?" आमच्याकडे वजनाचा भाव होता, इथे दुर्मीळपणाचा. भाव मात्र दोन्हीकडे होताच.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या बैठकीत नानांनी एक घोषणा केली. नाना हे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ संग्राहक. त्यांच्या छंदाला पन्नास वर्षे झाली होती. त्यानिमित्त पेढे वाटण्याऐवजी त्यांनी सोडत ठेवली. नियम सोपे होते. प्रत्येकाने आपल्या संग्रहातली एक वस्तू, नाणे किंवा पदक, कागदाच्या पुडीत बांधून आणायची. पुडीवर नाव घालायचे नाही. आत एक चिठ्ठी ठेवायची. तिच्यात किंमत लिहायची नाही, ती वस्तू आपल्याकडे कशी आली ते लिहायचे. पुड्यांना आकडे घालायचे आणि डब्यातून ज्याला जो आकडा येईल ती पुडी त्याची. मिळालेली वस्तू विकायची नाही. नको असेल तर पुढच्या सोडतीत घालायची. आणि पुढच्या बैठकीत तिच्याविषयी पाच मिनिटे बोलायचे.

घरी हे सांगितले तेव्हा अण्णांना ते पटेना. "फुकाट कोन काय देतंय? हलकं देऊन भारी घ्यायचा डाव आसंल." त्यांच्या साऱ्या आयुष्याचा अनुभव त्या वाक्यात होता, त्यामुळे मी वाद घातला नाही. माझी अडचण निराळी होती. डॉक्टरांकडे चांदीचे रुपये, सोनारकाकांकडे शिवराया. माझ्याकडे 'भारी' म्हणावे असे होतेच काय?

शेवटी मी भोकाचा पैसा निवडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी सरकारने हा मधोमध मोठे भोक असलेला पैसा काढला. १९४३ ते १९४७ एवढेच त्याचे आयुष्य. मुंबई आणि कलकत्त्याबरोबर लाहोरला आणि थेट दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियालाही तो पाडला गेला. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला पानांची माळ. तो काही दुर्मीळ नाही, आणि माझा तर पार झिजलेला. अण्णांना तो एका मोडक्या स्टोव्हमध्ये सापडला होता. कोणा गृहिणीने वॉशरच्या जागी बसवलेला. मी चिठ्ठीत तेवढेच लिहिले: "पैसा म्हणून चालायचा बंद झाल्यावर याने स्टोव्हमध्ये नोकरी केली."

तो डॉक्टरांच्या वाट्याला आला. त्यांची सारी नाणी पारदर्शक डब्यांतून जपून ठेवलेली असतात, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी पुडी सोडली तेव्हा माझे लक्ष जमिनीकडे होते. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, भिंगातून नाणे पाहिले आणि म्हणाले, "माझ्याकडचे एकही नाणे वापरलेले नाही. हा पहिलाच कामकरी." सगळे हसले, आणि त्या हसण्यात मीही सामील झाले.

माझ्या पुडीत पदक निघाले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने सैनिकांना दिलेले चांदीचे युद्धपदक. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले. फीत गेलेली. चिठ्ठीवरचे अक्षर नानांचे आहे हे सर्वांनी ओळखले. फार वर्षांपूर्वी एका पेढीवर ते आटवण्यासाठी ठेवलेले नानांनी पाहिले आणि चांदीच्या भावाने सोडवून आणले. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी पुष्कळ पदके मुशीत गेली, हे नानांनी तोंडी सांगितले. या पदकाचे वैशिष्ट्य त्याच्या कडेवर असते. ज्याला ते दिले त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठसवलेली असते. माझ्या पदकाच्या कडेवर एका शिपायाचे नाव-आडनाव आहे आणि पलटण आहे ११७ वी मराठा. ते नाव मी इथे छापत नाही; त्यावर पहिला हक्क कोणाचा आहे ते पुढे येईलच.

बैठकीत कोणी सहज म्हणाले, "बघा, घरच्यांना किंमत नव्हती." मी काही बोलले नाही, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आले. मोड विकणाऱ्यांना मी लहानपणापासून पाहते आहे. मुलीच्या लग्नातल्या भांड्यांवर हौसेने नाव कोरून घेतात, आणि तीच नावाची भांडी एखाद्या वर्षी आमच्या काट्यावर येतात. बाई भांडे देण्यापूर्वी नावावरून एकदा पदर फिरवते. तिला किंमत ठाऊक नसते असे कोण म्हणेल? पोराची फी, म्हाताऱ्याचे औषध, पेरणीचे बी. याहून अचूक हिशेब कोणत्या संग्राहकाने केला आहे? हे पदक ज्या हाताने विकले तो हात अशाच कुणाचा तरी असणार. चांदी ही घरात विकता येण्याजोगी शेवटची वस्तू असते.

अण्णांनी ते सवयीने काट्यात टाकले. "तीन तोळं भरंल," ते म्हणाले. मग कडेवरची अक्षरे अंगठ्याने चाचपत त्यांनी विचारले, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवले. आडनाव आमच्या जिल्ह्यातलेच. अण्णांनी पदक काट्यातून उचलले, टॉवेलाने पुसले आणि माझ्या हातात दिले. "ह्येच्या घरचं कोन आसंल का गं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तेव्हापासून मी शोध घेते आहे. सरांनी पुस्तके काढून दिली. ११७ वी मराठा पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. तैग्रिस नदीच्या काठी कुत येथे ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात सापडली आणि १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने तिला शरण जावे लागले. सुमारे तेरा हजार लोक कैदी झाले आणि त्यांतले कितीतरी वाळवंटातल्या वाटचालीत व छावण्यांत मेले. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. कुतची लढाई आम्हाला परीक्षेला दोन ओळींची आहे. पदक हातात घेऊन वाचली तेव्हा त्या दोन ओळींना माणसे फुटली.

त्या युद्धात मेलेल्यांची यादी आता संगणकावर पाहता येते. पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव व गावही असते. माझ्या शिपायाचा क्रमांक तीत मिळाला नाही. म्हणजे तो परत आला असावा. आला असेल, जमीन कसली असेल, पदक खुंटीला लावले असेल. त्याची पणतवंडे कदाचित आपल्याच महाविद्यालयात असतील. अण्णाही आता मोडीला गेले की त्या आडनावाच्या घरी पाणी मागतात आणि चौकशी करतात. "आमचा पणजा लाम्हणात गेलता," असे सांगणारी तीन घरे निघाली. क्रमांक मात्र अजून कोणाशी जुळलेला नाही.

पुढच्या बैठकीत माझी पाच मिनिटे आली. मी पलटणीविषयी बोलले आणि विकणाऱ्यांविषयीही बोलले. मग विचारले, घर सापडले तर पदक परत देता येईल का? नियमात तसे कलम नव्हते. नाना म्हणाले, "विकायचे नाही, एवढाच नियम आहे. देऊ नये असे कुठे म्हटले आहे?"

मित्रहो, वजनाचा भाव मला घरी कळला आणि दुर्मीळपणाचा बैठकीत. दोन्ही खोटे नाहीत. एकावर आमची चूल पेटते आणि दुसऱ्यावर पुष्कळ जुन्या वस्तू आटता आटता वाचल्या आहेत. पण वस्तूचे मोल मला त्या डब्यातल्या चिठ्ठीने शिकवले. हातातून हातात जाताना जी वस्तू आपली हकिकत बरोबर घेऊन जाते, तिला काट्याची गरज उरत नाही. नानांच्या पन्नास वर्षांतले एक पदक माझ्यासारख्या मोडवाल्याच्या मुलीकडे आले आणि आमचा झिजका पैसा डॉक्टरांच्या कपाटात गेला. त्या दिवशी कोणाला भारी मिळाले आणि कोणाला हलके, हे कोणी विचारले नाही.

यंदाही सोडत ठरली आहे. अण्णांनी त्यासाठी आपण होऊन एक पुडी बांधून ठेवली आहे. चिठ्ठी मी लिहायची, मजकूर ते सांगणार. आत काय आहे, ते मात्र अजून सांगत नाहीत.