अडंगलवरचे नाव

तंजावूरहून तिरुवैयारु तेरा किलोमीटर. एवढ्या अंतरात बस वडवारु, वेण्णारु, वेट्टारु आणि कुडमुरुट्टी अशा चार नद्या ओलांडते आणि गावापाशी पाचवी, खुद्द कावेरी, समोर येते. ‘ऐ-आरु’ म्हणजे पाच नद्या. गावाचे नाव हीच भूगोलाची नोंद आहे. मराठी माणूस येथे बहुधा दोन गोष्टी पाहायला येतो: १८४७ च्या जानेवारीत येथेच देह ठेवलेल्या त्यागराजांची समाधी, आणि घाटावरचा भोसलेकालीन कल्याण महाल. २०२५ च्या फेब्रुवारीत कामानिमित्त तंजावुरात असताना मधला शनिवार मोकळा सापडला, आणि मी तिरुवैयारु पाहिले ते एका मुलीच्या मागोमाग हिंडून.

ही मुलगी सोलापूरकडची. वय सव्वीस. एका स्वयंसेवी संस्थेत दोन वर्षांपासून शेतकऱ्यांच्या गटांचे हिशेब लिहिते. सुट्टीच्या दिवशी ती बाजार आणि शिवार हिंडते आणि त्याला अभ्यास वगैरे न म्हणता नुसते ‘फिरणे’ म्हणते. तिची तमिळ मोडकी पण निर्भय आहे. वयाने मोठ्या बाईला येथेही ‘अक्का’च म्हणतात, त्यामुळे संभाषणाची सुरुवात तरी तिला घरच्यासारखी जमते.

सकाळ बाजारात गेली. गजरे विकणाऱ्या बायका येथे ‘मुळम’वर मोजतात. मुळम म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, आपला ‘हात’. ज्या बाईचा हात आखूड तिच्याकडे गिऱ्हाईक कमी असेल, असा माझा अर्थशास्त्रीय तर्क. माझ्या सोबतिणीने तो हसून उडवून लावला. विड्याची पाने ‘कवुळी’ने मिळतात, एकेका जुडीत सुमारे शंभर. केळीची पाने टोकासकट वेगळी आणि कापलेली वेगळी, दोहोंचे भाव निराळे. मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा ‘अशोका’ हलवा येथली ख्याती. तो द्रोणातून खाऊन आम्ही शिवाराची वाट धरली.

सांबा भाताची कापणी चालू होती. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते. म्हणून फेब्रुवारीत नद्या रोडावतात आणि खाचरांत यंत्रे उतरतात. पूर्वी हाताने कापलेले भात पेंढ्यांत सुकत असे, मग झोडपणी होई. आता कापणी-मळणीचे यंत्र तासाभरात एकर संपवते, आणि दाणा ओलाच हाती येतो. मजुरीचा प्रश्न सुटला तो वाळवणीचा प्रश्न पुढे ठेवून. खळी अपुरी, म्हणून डांबरी रस्त्याची एक बाजू मैलभर भाताने पिवळी झालेली असते. बसचालकही तेवढी बाजू सोडून गाडी हाकतात.

हे सारे ज्या दारापाशी पोहोचायचे ते दार म्हणजे थेट खरेदी केंद्र. तमिळनाडूने २००२ मध्ये विकेंद्रित खरेदी स्वीकारली. राज्याचे नागरी पुरवठा महामंडळ केंद्राच्या वतीने भात घेते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता आणि वर राज्याचे १०५, म्हणजे २,४०५. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. अवेळी पाऊस झाला की राज्य सवलत मागते, दिल्लीहून पथक येऊन नमुने नेते, कधी मर्यादा थोडी वाढते. गोणी चाळीस किलोची. गोणीमागे मोजाव्या लागणाऱ्या वरकड पैशांच्या तक्रारी तमिळ वर्तमानपत्रांत दर हंगामी येतात. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, आणि ही सुधारणा मोठी आहे यात शंका नाही.

दुपारी कालव्याकाठी एक अक्का भात चाळताना भेटली. तीन ‘मा’ जमीन, म्हणजे जवळपास एक एकर. जमीन एका मठाची. कूळ म्हणून नाव थोरल्या दिरांचे. ते तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात जाऊन बरीच वर्षे झाली. नवरा हयात नाही. नांगरट, लावणी, खत, खंड सारे हीच पाहते. भात चांगले वाळले होते, मूठभर चावून तिने ते मला दाखवले. तरी संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता. केंद्रात का नाही, या माझ्या प्रश्नाचे उत्तर सोबतिणीनेच दिले: “काका, केंद्रात अडंगल लागतो. अडंगलवर दिरांचे नाव. खातेही त्यांचेच. पैसे तिरुप्पूरला जमा होतील.”

अडंगल म्हणजे आपला पीकपाहणीचा बारा नंबर. तो ग्राम प्रशासन अधिकारी, म्हणजे येथला तलाठी, देतो. अक्काचे भात अठरा क्विंटल भरणार होते आणि व्यापारी क्विंटलमागे तीनशे रुपये कमी देत होता. पाच हजार चारशे रुपये. दिरांकडून पैसे मागून आणण्याच्या त्रासाची ही किंमत तिने मनाशी ठरवलेली होती, आणि मला ती अवाजवी वाटली नाही.

कागद मागण्यामागचे कारण मी जाणतो. तो नसेल तर व्यापारी स्वस्त घेतलेले भात शेतकऱ्याच्या नावाने केंद्रात ओतील. तसे प्रकार होतातही. नको त्याला मिळणे आणि हव्या त्याला न मिळणे या दोन चुकांपैकी लेखापरीक्षणात फक्त पहिली दिसते. नवल असे की याच राज्याने खाणाऱ्याच्या बाबतीत नेमका उलट निर्णय घेतला. शिधावाटप येथे सार्वत्रिक आहे. २०११ पासून शिधापत्रिकेवर तांदूळ फुकट मिळतो, आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा लागू करतानाही ही सार्वत्रिकता सोडली नाही. सरफोजी राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट टॉरिनला छत्रांविषयी पत्र लिहिले, त्यातही ब्राह्मणापासून परैयापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळते असेच सांगितले आहे. जेवणाऱ्याला नाव न विचारण्याची या मुलखाची सवय जुनी. पिकवणाऱ्याला मात्र नाव विचारले जाते, आणि तेही दुसऱ्याचे निघते.

कायदे नाहीत असे नव्हे. कुळांच्या संरक्षणाचा कायदा १९५५ चा, कुळांच्या नोंदीचा १९६९ चा. १९८० मध्ये वंशपरंपरागत कर्णम गेले, आपले कुलकर्णी वतन गेले तसेच. पण नोंद एकदा झाली की ती माणसाबरोबर हलत नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ज्यांना मालक केले त्यांच्या पुढच्या पिढ्या पुण्या-मुंबईला आहेत आणि वाट्याने कसणारा सातबाऱ्यावर नाही. हे परप्रांतात राहणाऱ्या वाचकांपैकी पुष्कळांना स्वतःच्या गावावरून पटेल. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कायदा करून प्रत्यक्ष कसणाऱ्याला वेगळे कार्ड देऊ केले, दुसऱ्या कायद्यात अकरा महिन्यांपुरते. २०१९ च्या कायद्यात मालकाची सही मात्र हवी, आणि मालक ती सहजी देत नाहीत.

माझ्या सोबतिणीच्या संस्थेने दोन गावांत पेरणीच्या वेळी बांधाबांधाने फिरून कोण कसते याची वही केली आहे. ग्राम अधिकाऱ्याने ती पूर्ण वाचली, चांगली आहे म्हणाला, आणि तिच्यासाठी आपल्या नोंदवहीत रकाना नाही असे सांगितले. मला त्याचे बोलणे प्रामाणिक वाटले. दिरांनी संमतिपत्र दिले तर पुढल्या हंगामी अक्काचे खाते जोडता येईल का, हे तो विचारून सांगणार आहे. थोरले दीर वर्षातून एकदा पोंगलला गावी येतात. यंदाचे पोंगल होऊन तेव्हा महिना लोटला होता.