येतोय का आवाज?

प्रत्येक पिढीच्या वाट्याला एक वाक्य येते आणि ते तिला जन्मभर पुरते. माझ्या वडिलांच्या पिढीचे वाक्य होते, "हॅलो, ऐकू येतंय का?" त्या काळी परगावी फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल नोंदवावा लागे, तासन् तास वाट पाहावी लागे, आणि लागलाच तर इतक्या मोठ्याने ओरडावे लागे की पलीकडच्या गावाला तो फोनशिवायही ऐकू जावा. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान मधल्या ऑपरेटरवाचून थेट फोन लागू लागला आणि पुढे ती सोय हळूहळू आपल्याकडेही आली. वडिलांची ओरडण्याची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

माझ्या पिढीचे वाक्य मला साठी उलटल्यावर सापडले. "येतोय का आवाज?"

२०२० साली मार्चच्या अखेरीस सगळा देश घरात बसला आणि जो तो संगणकासमोर येऊन हे वाक्य म्हणू लागला. झूमचे नाव तोपर्यंत आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यावरच्या सभांत रोज फार तर एक कोटी हजेऱ्या लागत, त्या एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेल्या. हजेऱ्या म्हणण्याचे कारण असे, की एकच माणूस दिवसातून पाच सभांना गेला तर तो पाचदा मोजला जाई. आमची नात मनू तेव्हा बारा वर्षांची होती. तिची शाळा, तिचे गाणे आणि तिच्या मैत्रिणींच्या गप्पा मिळून आमच्या घरातून रोज सात-आठ हजेऱ्या सहज भरत असतील.

मी या सगळ्यापासून दूर होतो. बँकेत पस्तीस वर्षे खर्डेघाशी केलेल्या माणसाला यंत्राविषयी आदर असतो, प्रेम नसते. पण त्या वर्षी एक गोष्ट अशी घडली की मला संगणकाची मनधरणी करावी लागली. वाचकहो, तीच आज सांगायची आहे.

त्या जूनमध्ये आमची आई गेली. वय अठ्ठ्याऐंशी, आजार म्हणावा असा काही नाही. दिवा शांत व्हावा तशी गेली. आम्ही तिघे भावंडे. अक्का इंदूरला, मी डोंबिवलीला, आणि धाकटा बापू अमेरिकेत न्यू जर्सीला. अक्काला राज्याच्या सीमा ओलांडून येता आले नाही. बापूचे तर विचारायलाच नको. मार्चपासून परदेशची नेहमीची विमाने बंद होती. खास विमानात जागा मिळवून, उतरल्यावर विलगीकरणाचे दिवस काढून तो दारात पोचेपर्यंत तेरावाही उलटून गेला असता. मग शेजारच्या मुलाने फोन वर धरला आणि बापूने आईचे अंत्यदर्शन त्या फोनमधून घेतले. नेमका त्या वेळी आवाज गेला. त्याला सगळे दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हते. हे त्याने मला चार महिन्यांनी सांगितले, आणि तेसुद्धा दुसरेच काही बोलता बोलता.

"दादा," तो म्हणाला, "ती कॅसेट आहे का रे अजून?"

ती कॅसेट म्हणजे बापूच्या पहिल्या पगाराची कमाई. १९८५ च्या दिवाळीत त्याने एक टेपरेकॉर्डर घरी आणला आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, कोणाला न सांगता, स्वयंपाकघराच्या फळीवर मुरांब्याच्या बरणीआड ठेवून चालू केला. स्वतः मात्र परत अंथरुणात जाऊन झोपला. ती पहाट त्या फितीवर जशीच्या तशी उतरली. पुढे तीन वर्षांनी बापू परदेशी गेला, कॅसेट माझ्या कपाटात राहिली. आम्ही ती फारशी कधी लावलीच नाही. लावायची कशाला? खुद्द आईच घरात होती.

सुदैवाने फितीला बुरशी आली नव्हती. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे एक गृहस्थ मला सापडले. त्यांनी ती उतरवून पेनड्राइव्हवर दिली. मी बापूला लिहिले, आजच पाठवतो. त्याचे उत्तर आले, "पाठवू नको. एकट्याने ऐकवणार नाही मला. सगळे असताना लाव."

आता यावर काय बोलणार? त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हतीच. घरात फराळ नाही, आकाशकंदील नाही. पण नरकचतुर्दशीची पहाट काही चुकत नाही. ती त्या वर्षी १४ नोव्हेंबरला होती. ठरले असे, की पहाटे साडेपाचला सगळ्यांनी संगणकापुढे जमायचे आणि ती कॅसेट ऐकायची. आमचे साडेपाच म्हणजे बापूकडचे आदल्या संध्याकाळचे सात. अक्काकडे तिच्या सुनेने व्यवस्था केली. फुकटच्या सभेला चाळीस मिनिटांची मुदत असते, ती आम्हांला पुष्कळ होती. कॅसेटची ती बाजू तर तीसच मिनिटांची.

मनूला इतक्या पहाटे उठवायचे नाही असे मी ठरवले. शिवाय थोडा अभिमानही होता. आदल्या दिवशी तिच्याकडून शिकून मी सगळे कागदावर टिपून घेतले होते: आधी सभा उघडणे, मग सगळ्यांना आत घेणे, मग आपला पडदा त्यांना दाखवणे, मग टिचकी मारणे. चार कलमे. बँकेत याहून अवघड परिपत्रके पाहिली होती.

सगळे आले. अक्का नऊवारी नेसून, कपाळावर मोठे कुंकू लावून बसली होती. बापूने कोट घातला होता, का कोण जाणे. मी कागदाबरहुकूम पडदा दाखवला आणि टिचकी मारली. हिरवी रेघ सरकू लागली. आधी नुसती खरखर आली, मग स्टोव्हची फरफर, मग भांड्याला भांडे लागल्याचा आवाज, आणि त्यातून आई गुणगुणू लागली. पस्तीस वर्षांपूर्वीची, त्रेपन्न वर्षांची आई. सौ.ने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी डोळे पुसत पडद्याकडे पाहिले, तर सगळे स्तब्ध. बापू पुढे झुकून एकटक पाहत होता. अक्काने कानामागे हात धरला होता. मनात म्हटले, ऐकताहेत बिचारी, एक शब्दही त्यांना निसटू द्यायचा नाही.

असे चांगली पाच मिनिटे चालले. मग अक्का अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, लावतोस ना?"

त्यांना काहीएक ऐकू आले नव्हते. हिरवी रेघ सरकताना दिसत होती, मधूनच तुटका 'ऊं' असा काहीतरी आवाज उठत होता, आणि माझे नाक ओढणे मात्र न्यू जर्सीपर्यंत स्वच्छ पोचले होते.

मी गडबडलो. कर्ण्याचा आवाज वाढवला. आमच्या घरात आई इतक्या मोठ्याने गुणगुणू लागली की शेजारच्या बिऱ्हाडात दिवा लागला, पण पलीकडे तीच शांतता. मग सौ.ने सुचवले तसे ते गाणे माझ्या मोबाइलवर लावून मोबाइल संगणकाजवळ धरला. आता थोडे पोचले, पण बापू म्हणाला, "दादा, पाण्याखालून आल्यासारखं वाटतंय. राहू दे." तो 'राहू दे' म्हणाला तो आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी त्याचा पतंग कटला की तो असाच म्हणे. घड्याळात सोळा मिनिटे गेली होती.

तेवढ्यात केस विस्कटलेली मनू दारात उभी राहिली. आजोबांच्या हालचालींवरून सगळा प्रकार तिच्या लक्षात आला.

"आजोबा, चौकटीत खूण केलीत का?"

"कसली चौकट?"

ती काही बोलली नाही. तिने दाखवलेला पडदा मागे घेतला, पुन्हा दाखवायला निघाली, आणि मधल्या खिडकीत अगदी खाली, कोपऱ्यात असलेल्या एका इवल्याशा चौकोनात टिचकी मारली. 'आवाजही द्यायचा', अशा अर्थाचे शब्द तिथे लिहिलेले होते. मी आदल्या दिवशी पडदा दाखवण्याच्या आनंदात ते पाहिलेच नव्हते.

याचे शास्त्र मनूने मला नंतर समजावले, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. संगणकाचा पडदा आणि त्याचा आवाज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पडदा दाखवला म्हणजे आवाज गेला असे होत नाही. झूम असो, मीट असो की टीम्स, त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. मीटमध्ये तर ब्राउझरचा जो टॅब वाजतो आहे तोच दाखवायचा आणि त्याचा आवाज चालू ठेवायचा, हा सोपा मार्ग. बरे, माझा माइक तर उघडा होता आणि कर्णा मोठ्याने वाजत होता, मग तो आवाज माइकमधून का गेला नाही? तर पलीकडच्याचे बोलणे आपल्या कर्ण्यातून येऊन माइकमध्ये शिरले, तर त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येईल. तो टाळण्यासाठी यंत्र आपल्या कर्ण्यातून काय वाजते आहे हे लक्षात ठेवते आणि माइकमधून नेमके तेवढेच वजा करते. म्हणजे मी जितक्या मोठ्याने आईला लावीत होतो, तितक्याच इमानाने यंत्र तिला वगळीत होते!

आणि मोबाइलवरचे गाणे पाण्याखाली का गेले? तर माइकपाशी आणखी एक द्वारपाल असतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, असे सतत चालणारे आवाज तो गाळून टाकतो आणि माणसाचे बोलणे तेवढे आत सोडतो. गाण्याशी त्याचे वैर नाही, पण त्याला गाणे कळत नाही. मनूच्या गाण्याच्या शिकवणीत तो तंबोऱ्यालाच पंखा समजे. म्हणून झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा सोडण्याची वेगळी सोय करून ठेवलेली आहे. आईच्या कॅसेटमध्ये तर स्टोव्ह अखंड फरफरत होता. त्या फरफरीबरोबर द्वारपालाने तिचे गुणगुणणेही गाळले. चौकटीच्या वाटेने गेलेला आवाज मात्र माइकपाशी जातच नाही. तो संगणकाच्या पोटातून थेट निघतो, द्वारपालाची भेट न घेता.

असो. त्या पहाटे मला यातले काही ठाऊक नव्हते. मनूने खूण केली, रेघ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि मी बापूच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. आता मला 'येतोय का आवाज' हे विचारण्याचेही धैर्य होईना.

खरखर झाली आणि बापू ताठ बसला.

"दादा," तो म्हणाला, "स्टोव्हचा आवाज येतोय."

मग कोणीच बोलले नाही. आई गुणगुणत होती. मधेच थांबून वडिलांना म्हणाली, उटण्याची वाटी कुठे ठेवलीत? वडील काहीतरी पुटपुटले. ते जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. त्यांचा आवाज त्या फितीवर आहे हे मी विसरूनच गेलो होतो. अक्काने पदर तोंडाला लावला. लांब कुठेतरी एक फटाका वाजला. मग बांगड्यांचा आवाज जवळ आला, आणि आईने खोलीच्या दिशेने तोंड करून हाक मारली, "बापू, ऊठ रे. पाणी निवतंय."

बापूने आपले चित्र बंद केले. त्याच्या जागी नुसते त्याचे नाव असलेला काळा चौकोन उरला. चित्र बंद केले, पण आवाज बंद करायला तो विसरला. आम्हांला सगळे ऐकू येत होते. मनूने माझ्याकडे पाहिले. मी तिला मानेनेच नको म्हटले. तो आवाज बंद करायला त्याला कोणीही सांगितले नाही.

कॅसेट संपायच्या आधीच मुदत भरली आणि सगळे चौकोन एकदम नाहीसे झाले. खिडकीबाहेर उजाडत होते. दोन मिनिटांनी बापूचा फोन आला. म्हणाला, "उरलेली दहा मिनिटं पुढच्या दिवाळीला ठेवू या."

तेव्हापासून दर नरकचतुर्दशीला आम्ही ती कॅसेट लावतो. मधे एका वर्षी बापू स्वतः आला होता, तेव्हाही लावली. त्या वर्षी चौकटीत खूण करण्याची गरज पडली नाही, तरी सवयीने माझा हात कोपऱ्याकडे गेलाच.

मी कधी कधी विचार करतो. बापूला परदेशी जाऊन इतकी वर्षे झाली. एवढ्या काळात आम्ही त्याला पुष्कळ काही दाखवले: नवे घर, मुंजी, लग्ने, मनूचे बारसे. पाकिटेच्या पाकिटे भरून फोटो पाठवले. आईने शंभरदा म्हटले असेल, त्याला फोन लाव, मला बोलायचंय. आणि मी म्हणत असे, रविवारी लावू, आता महाग पडतो. पुढे फोन स्वस्त झाला, मग फुकट झाला, पण माझे 'रविवारी' काही सुटले नाही. पडदा दाखवीत होतो. कोपऱ्यातली चौकट राहून गेली होती.

यंदाच्या दिवाळीतही पुष्कळ घरांतली माणसे पडद्यावर भेटतील. कोणी नातवंडाचे गाणे लावील, कोणी जुन्या लग्नाची चित्रफीत. टिचकी मारण्यापूर्वी खालच्या कोपऱ्याकडे एकदा नजर टाका. आणि घरात आई असेल, तर मुरांब्याच्या बरणीआड काहीतरी चालू करून ठेवा.