मामाचा सर्व्हर

"इंजिनिअरिंगला आहेस ना? मग आमचे पाच कॉम्प्युटर जोडून दे!"

मामाचा फोन आला तेव्हा सहाव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर देऊन मी नुकताच आडवा झालो होतो. मामा सीए. बर्डीवर दोन खोल्यांचं ऑफिस. तिथे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पेनड्राइव्हने जायची. ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘खरंच फायनल’ यातली खरी कोणती, हे फक्त तिथल्या जुन्या अकाउंटंट काकांना ठाऊक!

मे महिना, नागपूरचं ऊन आणि मी क्रिंपिंग टूल घेऊन टेबलाखाली. केबलमधल्या आठ तारांचा क्रम व्हायव्हात कधी आठवला नव्हता, इथे मात्र पाठ झाला: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. सुरुवातच नारंगीने, म्हणजे संत्रानगरीचा मान! तरी पहिले चार कनेक्टर वाया गेलेच. काका वाकून म्हणाले, "काय करून राहिला बे?"

आठ पोर्टचा स्विच, अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर, त्यात दोन नव्या हार्डडिस्क, लिनक्स आणि सांबा. सांबा म्हणजे नाच नव्हे आणि ‘शोले’तलाही नव्हे! लिनक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर. त्याचा जनक ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू ट्रिजेल. प्रोटोकॉलचं नाव एसएमबी, म्हणून त्याने ही तीन अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत शोधला, आणि ‘सांबा’ सापडला. सर्व्हरला १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता दिला, प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. दोन्ही डिस्क रेड-१ मध्ये लावल्या. म्हणजे एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर, अगदी आरशासारखं.

"मामा, आता एक डिस्क जळाली तरी काही जाणार नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

"अन् कोणी चुकून डिलीट केलं तर?" काकांनी विचारलं.

मी हसलो. काकांना रेड काय कळणार?

जुलैचा दुसरा आठवडा. रिटर्न भरायची धावपळ. बुधवारी दुपारी आर्टिकलशिप करणाऱ्या नव्या मुलाने जुना समजून एका क्लायंटचा अख्खा फोल्डर उडवला. नेटवर्कवरची फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. दोन्ही डिस्कनी हुकूम एकाच क्षणी पाळला. समोरचा माणूस गेला की आरशातलाही जातो, एवढी साधी गोष्ट!

मी धावत पोचलो. मामा काहीच बोलला नाही. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

काकांनी शांतपणे लोखंडी कपाट उघडलं आणि एक पेनड्राइव्ह काढला. सर्व्हर आल्यावरही दर शनिवारी ते सगळं त्यात उतरवून घेत होते. गेलं ते फक्त सोमवार ते बुधवारचं काम. त्या रात्री अकरापर्यंत मी बिलं वाचत होतो आणि तो मुलगा टाइप करत होता. दोघंही सारखेच गुन्हेगार!

आता रोज रात्री सर्व्हर आपोआप एका बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढतो. अशा दोन डिस्क आहेत. शनिवारी त्यांची अदलाबदल होते आणि भरलेली डिस्क मामाच्या घरी जाते. सांबामध्येच मिळणारी कचरापेटीही चालू केली आहे. महिन्यातून एकदा काका एखादी फाइल परत काढून दाखवायला सांगतात. ही खरी प्रॅक्टिकलची परीक्षा!

तर मित्रांनो, मामाचा फोन तुम्हालाही येईलच. केबल ओढण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "काका, तुम्ही काय काय जपून ठेवता? अन् कसं?" सर्व्हरची अर्धी डिझाइन त्यांच्या कपाटात असते.